भेरली माड आणि उदमांजर

परवा दिवेलागणीला स्वयंपाकघरात आंबेमोहोर भाताचा वास आला. कुकर लावलेला नव्हता. घरात आंबेमोहोर असण्याचाही प्रश्न नव्हता, आमच्याकडे कोलमच शिजतो. ओट्यापाशी होते तशी थांबले आणि हात आपोआप पोटावर गेला. पोटात आता काही नाही, नऊ वर्षं होतील, पण हाताला कोण सांगणार? वैशाख आला की माझं हे असं होतं. लोकांना वैशाखात आंबे आठवतात, बदलापूरची जांभळं आठवतात, माहेर आठवतं. मला भीती आठवते. नुसती आठवत नाही, शेजारी येऊन बसते आणि पंखा माझ्याकडे कर म्हणते.

मी मुळातच भित्री. झुरळाला नाही घाबरत, पालीलाही नाही, पण आपलं काहीतरी वाईट होणार आहे ही खात्री मला लहानपणापासून आहे. माझी आई माझ्या जन्माच्या वेळी गेली. बारवी धरणाकडे जाताना जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात मावशीने मला वाढवलं. घरात हे कोणी कधी लपवलं नाही. उलट कोणी पाहुणी आली की मावशी मला पुढे करून सांगायची, "हिची आय हिला देऊन गेली." मोठ्या कौतुकाने सांगायची. पाहुणी डोळे पुसायची, मला जवळ घ्यायची. मी मात्र रात्री पांघरुणात विचार करायचे की मला कधी मूल झालं तर मीही अशीच देऊन जायची का?

तर तो वैशाख. अंबरनाथला पूर्वेला, आनंदनगरच्या अलीकडे आमचं बैठं घर. वर सिमेंटचे पत्रे, आणि उकाडा कमी व्हावा म्हणून पत्र्याखाली प्लायचं सीलिंग. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांवर नुसते ठेवलेले चौकोन. खालून ढकलला की चौकोन उचलला जायचा. वारा फिरला की कंपन्यांचा वास घरात यायचा, तेव्हा खिडक्या लावून बसायचं आणि घामाने निथळायचं. माझा नवरा सुहास तिथल्याच एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. सासूबाई आमच्याजवळच होत्या, नगरकडच्या, करारी, पण भुताखेतांच्या बाबतीत माझ्याहून हळव्या.

घराच्या मागे, माझ्या पलंगाशेजारच्या खिडकीला लागूनच, एक भेरली माड होता. जुन्या मालकाने लावलेला. खोड नारळासारखं सरळ, पण पानं माशाच्या शेपटीसारखी कातरलेली. लग्नसराईत मंडपवाले यायचे आणि एखादी झावळी मागून न्यायचे. गणपतीच्या मखराला, हळदीच्या मांडवाला आमच्या माडाची पानं लागायची. आम्हाला त्याचा अभिमानच होता म्हणा ना. त्याची फळं तेवढी हातात घ्यायची नाहीत, भयंकर खाज सुटते. फळांचे घोस लांबच लांब, वेणीला जोडायचं गंगावन लोंबावं तसे लोंबायचे.

पाचव्या महिन्यात मला थोडं रक्त गेलं. बदलापूरच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पाहिली, चष्मा काढला आणि सांगितलं, वार खाली आहे, पिशवीच्या तोंडावरच. आता उठायचं नाही, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. संडास-बाथरूमपुरतं उठायचं आणि परत पलंगावर. मी विचारलं, नाहीतर काय होईल? त्या म्हणाल्या, तुम्ही तो विचार करू नका. आता मला सांगा, असं म्हटल्यावर माणूस दुसरा कुठला विचार करील?

पाडव्याला गुढी उभारली, ती मी पलंगावरूनच पाहिली. त्याच सुमारास पत्र्याखाली आवाज सुरू झाले. संध्याकाळी अंधारायला लागलं की सीलिंगवर कोणीतरी चालायचं. उंदराची धावपळ वेगळी, ती मला माहीत होती. हे सावकाश होतं, वजनदार. थांबायचं, पुन्हा चालायचं. बरोबर माझ्या डोक्यावर येऊन थांबायचं. सासूबाई हातातलं काम टाकून वर बघायच्या आणि मला म्हणायच्या, काही नाही, मांजर असेल. त्यांचा चेहरा मात्र मांजर म्हणत नसायचा. सुहासने गुढीची काठी धुऊन-पुसून दरवर्षीसारखी माळ्यावर ठेवायला घेतली, आणि वरून काहीतरी फिस्सकन केलं. तेव्हापासून काठी माझ्या पलंगामागच्या कोपऱ्यातच उभी राहिली.

मग एका सकाळी मागच्या पायरीवर बियांची रास सापडली. मूठभर, काळपट, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ बिया, एकाच जागी रचलेल्या. सासूबाईंनी त्या पाहिल्या आणि त्यांच्या हातातली बादली खाली आली. कोणीतरी करणी केली होती, यात त्यांना काडीची शंका नव्हती. पोटुशी बाई घरात, आणि पायरीवर मोजून ठेवलेल्या बिया, आणखी काय पुरावा पाहिजे? दाराला लिंबू-मिरची आली, खिडकीला काळा दोरा आला, माझ्या उशाखाली विळा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रास. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गल्लीतल्या एकेका बाईचं नाव घेऊन झालं, आणि दोघींशी तर सासूबाईंनी बोलणंच सोडलं. मी हसून उडवायचा प्रयत्न केला. पण खरं सांगते, विळा उशाखालून काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मावशी गावाहून मला बघायला आली. मागच्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच ती कंबर धरून हसायला लागली. कसली करणी आणि कसलं काय, ही उदमांजराची हगण आहे म्हणाली. या माडाची फळं खातं, बिया पचत नाहीत, तशाच पडतात. तिकडे धरणाकडे जंगलात पायवाटेवर अशाच दिसतात. आता त्याला पिल्लं झाली असतील, म्हणून तुमच्या पत्र्याखाली आलंय. माणसाच्या वाटेला जात नाही, फळं खातं, उंदीर खातं, तुमचाच फायदा. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गल्लीतल्या त्या दोघींशी पुन्हा बोलायला कुठून सुरुवात करायची, याचाही प्रश्न होता.

मीही हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच मनापासून हसले. आणि तेवढ्यात मावशीने खिडकीतून माडाकडे पाहिलं. हसू तिच्या तोंडावर होतं तसंच राहिलं, पण आवाज उतरला.

"ह्याचं संपलं गं बाय," ती म्हणाली. "बघ, घोस खाली आला."

मग तिने सांगितलं. हा माड वर्षानुवर्षं नुसता वाढतो. पुरता वाढला की एकदाच फळाला लागतो. पहिला घोस शेंड्याशी येतो, दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली. असा वरून खाली उतरत येतो. सगळ्यात खालचा घोस पिकला की झाड मरतं. अंगात असेल-नसेल ते सगळं फळांना देतं आणि वाळून जातं. मावशीने हे अगदी सहज सांगितलं, आणि वर म्हणाली, गुणाचं झाड, देऊन जातं.

देऊन जातं. हेच शब्द. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या दिवसापासून माझी भीती डोक्यावरून उतरून खिडकीत आली. शेवटचा घोस बरोबर माझ्या नजरेसमोर होता, आडवी पडल्या पडल्या दिसायचा. हिरवा होता. मी सकाळी डोळे उघडले की आधी त्याचा रंग बघायचे, मग पोटावर हात ठेवायचे. जरा कुठे तांबूस छटा दिसली की डोळे मिटून पुन्हा उघडायचे आणि परत बघायचे. सुहासला एकदा म्हटलं, तो घोस कापून टाक ना. त्याने कारण विचारलं. काय सांगणार? तो तसाही थकलेला असायचा. खाज सुटेल, राहू दे, असं मीच म्हटलं.

उदमांजराचंही प्रकरण संपलं नव्हतं. शेजारी लछमन अंकल राहायचे, सिंधी. उल्हासनगरला फर्निचरचं दुकान, माणूस मदतीला तत्पर. सीलिंग त्यांनीच करून दिलं होतं. त्यांनी वरचा आवाज ऐकला, पायरीवरच्या बिया पाहिल्या आणि सुहासला अंगणात नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं. "साईं, ये कबर बिज्जू है. कबर खोद के बच्चा निकालता है. भाभी की हालत ऐसी है, इसको घर में मत रखो." मावशीचं सगळं समजावणं त्या एका वाक्याने धुऊन गेलं. सुहास शिकलेला, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. तरी तो आत आला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता आधी वर बघितलं.

दोघांनी बेत केला. मारायचं नाही, नुसतं बाहेर ठेवायचं. जनावर संध्याकाळी खायला बाहेर पडतं, ते पडलं की वळचणीचं भोक प्लाय ठोकून बंद करायचं. मंगळवार होता. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. त्या आठवड्यात सुहासची बारा तासांची रात्रपाळी होती. अंधार पडता पडता त्या उदमांजरीला माडावरून खाली उतरताना त्यांनी पाहिलं, भोकावर प्लाय ठोकला, आणि सुहास मला आता निवांत झोप म्हणून कामावर निघून गेला. लछमन अंकल उल्हासनगरला कोणाच्या तरी लग्नाला गेले.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला आणि वर पिल्लं रडायला लागली.

तिला पिल्लं झाली असतील, हे मावशीने सांगितलं होतं की! बेताच्या भरात कोणाच्याच डोक्यात ते राहिलं नव्हतं. आवाज अगदी बारीक, चिरका. थोड्या वेळाने पत्र्यावर धपकन उडी आली. ती परतली होती. ठोकलेल्या प्लायवर नखं ओरबाडल्याचा आवाज सुरू झाला. आत पिल्लं, बाहेर ती, आणि मध्ये माझा पलंग. मी सुहासला फोन लावला. त्यांच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात, नुसताच वाजत राहिला. लछमन अंकलनी उचलला, मागे बँड वाजत होता. सुबह देखते हैं भाभी, म्हणाले.

मला पिल्लांची दया आली म्हणून मी पुढचं केलं, असं आता, गोष्ट उघड झाल्यावर, आमच्याकडे सगळे म्हणतात. दया वगैरे नंतरची गोष्ट. मला भीती वाटली. ती पिल्लं वर मेली तर त्या आईचा तळतळाट माझ्या पोटाला लागेल, एवढंच मला कळत होतं. उठायचं तर नव्हतं. उठले आणि रक्त सुरू झालं तर घरात पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. ओरडून शेजारणींना बोलवावं, तर करणीच्या प्रकरणानंतर आमच्या हाकेला कोण येणार?

पलंगामागे हात घातला तर गुढीची काठी लागली.

आधी खिडकीची डासांची जाळी ओढून काढली. ती पट्टीवर चिकटवलेली असते, चर्रकन निघाली. जुने गज, दोन गजांमध्ये चांगलं अंतर. मग दिवा बंद केला. कोपरं गादीत रुतवली, पोटाला ताण पडणार नाही अशी काठी धरली, आणि लोखंडी कपाटावरचा कोपऱ्यातला चौकोन खालून ढकलला. पहिल्यांदा हलला नाही. दुसऱ्यांदा सरकला, आणि वरून धूळ, काड्या, बिया सगळं कपाटावर सांडलं. पिल्लं एकदम गप्प झाली. मीही. आता ती खिडकीतून येईल, की यायचीच नाही? आणि आली तर? कबर खोद के बच्चा निकालता है. मी ओढणी पोटावर ओढून घेतली. जणू ओढणीने काही अडलं असतं.

ती आली. आधी तिच्या अंगाचा वास आला, आंबेमोहोर शिजत असल्यासारखा. मग गजातून एक लांबट काळी सावली आत उतरली, माझ्या पायाशी पलंगाच्या कठड्यावर क्षणभर थांबली आणि कपाटावर चढून वर नाहीशी झाली. खाली आली तेव्हा तिच्या तोंडात पिल्लू होतं. ते घेऊन खिडकीतून बाहेर गेली. पुन्हा आली. दुसऱ्यांदा जाताना ती कठड्यावर थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगाला कंप सुटला होता, आणि माझ्याही. तीही मला घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं. एवढी घाबरलेली, आणि तरी त्याच खोलीत परत परत येत होती. तिसरं पिल्लू घेऊन गेली ती पुन्हा आली नाही.

आणि मग मला जाणवलं की माझ्या खालची चादर ओली आहे. दिवा लावायची हिंमत होईना. हात लावून बघायचीही होईना. मी तशीच पडून राहिले, माझ्या आईला हाका मारत. जिला कधी पाहिलं नाही तिला.

सासूबाई आल्या, दिवा लावला. कपाटावरचा कचरा, उघडी खिडकी, माझ्या हातातली काठी, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. मी म्हटलं, आई, रक्त आहे का बघा. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, नीट पाहिलं आणि खाली बसल्या.

"घाम आहे गं," त्या म्हणाल्या. "नुसता घाम आहे."

मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं त्या बोलतील, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांनी चादर बदलली, कपाट झाडलं, केस विंचरून दिले. मग म्हणाल्या, सुहासला मी सांगेन की मीच उघडलं, तू झोपून होतीस. आणि दाराची लिंबू-मिरची त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच काढली.

पुढचे दिवस मी खिडकीबाहेर बघत काढले. ती आता पिल्लांसह कुठेतरी दुसरीकडे राहत होती, पण संध्याकाळी माडावर यायची. शेवटचा घोस पिकून लाल झाला आणि ती तो खात होती, आणि मी बघत होते. माणसांनी दोघांची केलेली वाटणी मला तेव्हा कळली. माडाला मंडपात जागा, मखरात जागा, गुणाचा म्हणून कौतुक, कारण तो देऊन मरतो. आणि तिला चोर म्हणायचं, थडगं उकरणारी म्हणायचं, भोकं ठोकून बंद करायची, कारण ती देते आणि तरी जगते. पिल्लं जन्माला घालून दुसऱ्या संध्याकाळी पोट भरायला बाहेर पडते. मी आयुष्यभर माडाचंच कौतुक ऐकत आले होते. मला ते नको होतं. मला चोर म्हटलं तरी चालणार होतं. मला जगायचं होतं.

ज्येष्ठात, दिवस भरायच्या आधीच, पहाटे खरंच रक्त सुरू झालं. रिक्षा, बदलापूरचा रस्ता, सुहासचा पांढरा पडलेला चेहरा, हे तुकडे आठवतात. रक्ताची बाटली कोणीतरी धावत आणत होतं. भूल चढताना मला खिडकीचा विचार आला. जाळी काढली होती ना मी, एवढाच विचार. जाग आली तेव्हा समोर मावशी उभी होती. याआधीच्या अशा एका दिवशी ती दवाखान्यातून एकच जीव घेऊन घरी परतली होती, हे तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. तिने माझ्या गालाला हात लावला आणि स्वतःलाच पटवल्यासारखं म्हणाली, "दोघी हायेत. दोघी."

मला देऊन गेलेल्या आईची गोष्ट तिने त्यानंतर कोणाला कौतुकाने सांगितलेली मी ऐकली नाही.

पुढच्या शिमग्यापर्यंत माडाचा शेंडा वाळला. वादळात घरावर पडेल म्हणून तो तोडावा लागला. गल्लीतली पोरं होळीला मागायला आली होती, मी दिला नाही. मावशीने खोड गावी नेलं, मधोमध पोखरून त्याची पन्हळ केली. तिच्या वाफ्यांना अजून त्यातून पाणी जातं. आम्ही पत्रे काढून स्लॅब टाकला. आता डोक्यावर कोणी चालत नाही. शांत असतं, आणि खरं सांगू, मला त्या शांततेचीही भीती वाटते. मुलगी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली तरी वाटते. भीती गेली नाही, ती आता हिच्यामागे फिरते.

हिचं नाव सई. तिसरीतून चौथीत जाईल. सुट्टीत मावशीआजीकडे राहून आली आणि माडाची सगळी गोष्ट ऐकून आली. गटाराच्या भिंतीशी, जिथे पूर्वी पायरी होती, तिथे एक भेरली माड उगवलाय. कोणी लावला नाही, कुणाच्या पोटातून आलेल्या बियांचा असणार ते उघड आहे. तिच्या कमरेएवढा झालाय. परवा, त्या आंबेमोहोराच्या वासाच्या संध्याकाळी, ती त्याची पानं बघून आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"हा पण फळं आली की मरणार?"

हो म्हटलं. अजून पुष्कळ वर्षं आहेत त्याला, तू मोठी होशील तोवर.

तिने लगेच पुढचं विचारलं. "मग मी झाले तेव्हा तू का नाही मेलीस?"

पोरांना कळत नाही आपण काय विचारतो ते. मला वार सांगता आली असती, डॉक्टरबाई सांगता आल्या असत्या, रक्ताची बाटली सांगता आली असती. तेच खरं आहे. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. म्हटलं, "मी खिडकी उघडली होती म्हणून."

तिने कुठली खिडकी, कशाला, काही विचारलं नाही. आतल्या खोलीत गेली. जाळी निघाल्याचा चर्रकन आवाज आला. घरभर डास होणार होते, पण मी तिला लाव म्हटलं नाही.